कांबळे बाईंचं अकरावं पान

मुलांकडं पाठ करून गोष्ट वाचणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेत, चौथीच्या वर्गात, कांबळे बाई खुर्ची उलटी फिरवून फळ्याकडं तोंड करून बसायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. मागं चाळीस पोरं. नवख्या माणसानं पाहिलं असतं तर बाईंनाच शिक्षा झालीय असं त्याला वाटलं असतं. मीही नवखाच होतो. नव्वद सालाच्या थोडं पुढं मी तिथं चित्रकला शिकवायला लागलो, आणि पहिल्या आठवड्यात दारातून ते दृश्य पाहून मला हसू आवरेना. मधल्या सुट्टीत विचारलं, तर बाई म्हणाल्या, "माझं तोंड बघितलं की पोरं त्याच्यावरनं ठरवतात, रडायचं का हसायचं. ते त्यांचं त्यांनी ठरवलं पायजे. आणि मला मागनं ऐकू येतंय की. चुळबुळ कुठं थांबली, पेन्सिल कुणी खाली ठेवली, सगळं."

चुळबुळ जिथं थांबली त्या ओळीखाली त्या बारीक रेघ मारत. जिथं वाढली ती ओळ घरी जाऊन खोडत. त्या वाचत असत ती गोष्ट त्यांनीच लिहिलेली असायची. सोळा पानांची, मधोमध दोन पिना मारलेली पुस्तकं. पेठेतल्याच एका छोट्या छापखान्यात त्या ती छापून घ्यायच्या आणि एसटीनं गावोगावच्या शाळांत स्वतः नेऊन द्यायच्या. पुस्तकं मुलांसाठी आणि विषय असे, की मोठी माणसंसुद्धा आवाज खाली करून बोलतील. कुठल्या तरी गावात विहिरीला हात लावला म्हणून मारलेला माणूस. चोर समजून दगडांनी ठेचलेलं फिरस्त्यांचं बिऱ्हाड. जिथं जिथं असं काही घडलं आणि कुठल्याही पुस्तकात आलं नाही, तिथं बाई पोचायच्या. पहिल्या पानावर मेलेल्यांची नावं, फक्त नावं. मग गोष्ट.

कुणाला वाटेल, बाई गंभीर, सुतकी चेहऱ्याच्या असतील. छे! फुटबॉलच्या मोसमात पेठेच्या संघाची मॅच असली की बाई मैदानावर सगळ्यांत आधी. पदर खोचून, हातात भडंगाचा पुडा घेऊन अशा ओरडायच्या की पुढच्या रांगेतली तालमीतली पोरं वळून बघायची. "आरं पास दे की! एकटाच खेळायला घरातनं बॉल आणलायस काय?" कोल्हापूरच्या पुष्कळ बायका बोलतात तसं त्या 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. पुण्याहून आलेल्या एका तपासणी अधिकाऱ्यानं त्यावर नाक मुरडलं, तेव्हा "मी चौथीला व्याकरण शिकवतो साहेब, आणि बरं शिकवतो," असं म्हणून त्यांनी त्यालाच चहा पाजला.

त्यांचा एक नियम मला सुरुवातीला फार कठोर वाटायचा. पुस्तकात 'बिचारा' आणि 'बिचारी' हे शब्द यायचे नाहीत. "बिचारी म्हटलं की पोरं रडून मोकळी हुतात," त्या म्हणायच्या. "मोकळी करायची न्हायत मला. घरी गेल्यावर त्यांनी विचारलं पायजे." आणि मुलं विचारायची. तोच तर घोटाळा होता.

एकदा एक पालक तावातावानं आला. कपाळावर गंध, हातात विहिरीचं पुस्तक. म्हणाला, "बाई, नऊ वर्साच्या पोराच्या डोक्यात हे कशाला घालताय? काय जात-पात उरलीया आता?"

"मुलगा घाबरला का?" बाईंनी विचारलं.

"घाबराय काय झालंय त्याला. त्यानं जेवताना आईला विचारलं, आपण कुठल्या बाजूला हुतो म्हणून."

"मग आईनं काय सांगितलं?"

त्या गृहस्थानं पुस्तक हळूच टेबलावर ठेवलं. मी तिथंच रंगाच्या बाटल्या धूत होतो. मला वाटलं, आता हा वाकेल, बाईंना समजून घेईल. तसलं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मुलाचा दाखला काढून नेला. बाईंना तो मुलगा आवडायचा. पुढं कितीतरी दिवस हजेरी घेताना त्या त्याच्या क्रमांकापाशी अडखळायच्या. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून, "पुस्तकं शाळेबाहेर वाटा, आत नको," असं समजावलं, आणि बाईंनी मान डोलवून पुढच्याच शनिवारी खुर्ची उलटी फिरवली.

मी त्यांच्या एका पुस्तकाला चित्रं काढली ती केवळ माझ्या बडबडीपायी. जागांच्या नावांचं बाईंना वेड होतं. कुणी नवा माणूस भेटला की त्याच्या गावातल्या माळांची, ओढ्यांची नावं विचारत बसायच्या. "माणसं गोष्ट गाडून टाकतात आणि नाव ठेवायचं विसरत न्हायत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा चहा पिताना मी सहज बोलून गेलो की गडहिंग्लजच्या बाजूला माझं आजोळ आहे आणि तिथं एक जळका माळ आहे.

"जळका का?"

"माती काळी आहे म्हणून."

"काळी माती सगळ्या शिवारात असती, मगदूम सर. त्येवढ्यालाच जळका का म्हणतात?"

संध्याकाळी आईला विचारलं. ती म्हणाली, "तिथं पूर्वी म्हारवाडा हुता. चुलीतली ठिणगी उडून पेटला म्हणं. मी ल्हान हुतो तवा." लहानपणापासून त्या माळावर मी करवंदं खाल्ली होती, बाभळीच्या शेंगा गोळा केल्या होत्या, पण हे कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ठिणगीची हकिगत बाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "एका ठिणगीनं सगळी वस्ती? पावसाळ्यात का उन्हाळ्यात?" एवढं म्हणून त्यांनी वहीत लिहून घेतलं.

पुढचं वर्षभर बाई सुट्टीच्या दिवशी माझ्या आजोळी जात राहिल्या. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांनी पुस्तकात लिहिलंय. हळूहळू गोष्ट जुळत गेली. वस्तीतल्या माणसांनी मेलेली जनावरं ओढायचं एके दिवशी बंद केलं. गावानं आधी दुकान बंद केलं, मग पाणी, मग एका दुपारी वरच्या आळीतले वीस-पंचवीस लोक पलिते घेऊन आले. बाकीची घरं रिकामी झाली, पण एका झोपडीला बाहेरून कडी घातली गेली. आत गंगू, तिचा मुलगा म्हादू आणि मुलगी ताना. गंगूची धाकटी सावित्रा तेवढी बाहेर होती, चिंचेमागं लपलेली. ती अजून जिवंत होती. तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती, म्हणजे माझ्या आईच्याच वयाची.

"चित्रं तुम्ही काढा," बाई मला म्हणाल्या. "तुम्हाला गाव ठावं हाय. घरं खरी येतील."

मी आनंदानं काढली. चिंच काढली, माळ काढला, झोपड्या काढल्या. पलिते घेऊन येणारी माणसं काढायची वेळ आली तेव्हा मी काळ्या सावल्या काढल्या. हातात ज्वाळा आणि तोंडाच्या जागी अंधार. मला ते चित्र फार भारी वाटलं होतं, खरं सांगतो. बाईंनी ते दोन हातांत धरलं आणि परत माझ्यासमोर ठेवलं.

"सावल्यांनी जाळलं न्हाय, सर. शेजाऱ्यांनी जाळलं. तोंडं काढा."

"मुलं घाबरतील."

"सावलीलाच जास्त भितात. माणूस काढला तर वळकतील तरी."

आता त्या काळातली तोंडं मी कुठून आणणार? मी चित्रकलेचा मास्तर, समोर काहीतरी असल्याशिवाय माझा हात चालत नाही. पोरांनाही तेच शिकवायचो, बघून काढा. घरात भिंतीवर अज्जांचा, म्हणजे आईच्या वडलांचा, एक जुना फोटो होता. फेटा, दाट मिशा आणि डाव्या भुवईत बैलाचं शिंग लागून पडलेली खोक. जुन्या वळणाचा असा चेहरा घरबसल्या मिळतोय म्हटल्यावर मी तोच घेतला. कडी घालणारा माणूस चित्रात सगळ्यांत पुढं होता, म्हणून त्याच्यावर मेहनत जास्त केली. भुवईतली खोकसुद्धा काढली, चेहरा जिवंत वाटावा म्हणून. मनात कणभरही शंका आली नाही. अज्जा मी पाहिले नव्हते. आईच्या तोंडून त्यांचं पुण्य मात्र रोज ऐकत आलो होतो.

छापायच्या आधी पुस्तक तपासून घ्यायची बाईंची रीत होती. तपासायचं म्हणजे शुद्धलेखन नव्हे. ज्यांनी ते सोसलं त्यांच्यापुढं पानं ठेवायची. एका रविवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो. सावित्राआजी नव्या वस्तीत, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. दारात घोंगडं टाकून त्यांनी आम्हाला बसवलं. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून बाई वाचायच्या आणि आजी चित्रं बघायच्या. तिथं मात्र बाई पाठ करून बसल्या नाहीत. आजींच्या अगदी शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

आजींनी चुका काढल्या. दार उगवतीला होतं, मी मावळतीला काढलं होतं. रांजण बाहेर नव्हता, आत होता. चिंच एवढी मोठी नव्हती. "मी मागं लपल्यालो तर अर्धी दिसत हुतो," असं म्हणून त्या हसल्यासुद्धा. मी पेन्सिलीनं खुणा करत होतो. मग अकरावं पान आलं.

आजींचं बोट कागदावरून फिरत फिरत त्या भुवईवर थांबलं. बराच वेळ त्यांनी ते उचललं नाही.

"ह्यो," त्या म्हणाल्या. "ह्येनंच कडी घातली. माझी आई आतनं त्येला दादा, दादा म्हणत हुती." मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात, "लेकरा, ह्यो तुला कुठं घावला रं?"

माझी पेन्सिल त्या घोंगड्यात रुतून राहिली होती, तिच्याकडं मी बघत राहिलो. बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, पान उलटलं आणि पुढं वाचायला लागल्या.

परतीच्या एसटीत बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. निपाणी गेली, कागल गेलं. कोल्हापूरचे दिवे लांबून दिसायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "कोण?"

"आईचे वडील."

"ठावं हुतं?"

"नाही. आईची शप्पथ नाही."

"ते मला कळतंय," बाई म्हणाल्या. "ठावं असतं तर काढलंच नसतं तुम्ही."

त्या वाक्याचा मला त्या वेळी राग आला होता. आज येत नाही, कारण ते खरं होतं.

आठवड्याभरानं बाई माझ्या घरी आल्या. बोलावलं नव्हतं. आईनं चहा केला. मला कपात दिला आणि बाईंना स्टीलच्या पेल्यात. आमच्या घरात तो पेला वेगळा ठेवलेला असे, हे माझ्या डोळ्यांना इतकं सवयीचं होतं की त्या दिवशीच मला तो पहिल्यांदा दिसला. बाईंनी चहा प्यायला. समोरच्या भिंतीवर हार घातलेला अज्जांचा फोटो.

"तुमचं वडील?" बाईंनी विचारलं.

आईचा चेहरा फुलला. "व्हय की! देवमाणूस हो. दुष्काळात सगळ्या गावाला जेवू घातलं आमच्या अप्पांनी."

"वस्तीला पण?"

"व्हय तर. वस्तीला पण. लांबनं, पण घातलं की."

बाई "बरं" म्हणाल्या. पेला स्वतः मोरीत नेऊन विसळला आणि पालथा घातला. मी त्यांना बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा त्या थांबल्या.

"तुमच्या आईला मी सांगणार न्हाय. ते माझं काम न्हाय, तुमचं हाय. पण चित्र तेच राहणार."

"बाई, तिचं वय बघा. तिच्या पाहण्यात पुस्तक आलं तर? नातेवाईक आहेत तिथं. कुणीही ओळखेल."

"वळकावं म्हणूनच काढलंय की."

"मी दुसरं काढून देतो. त्यानं गोष्टीला काय फरक पडतो?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. वर्गात उत्तर चुकलेल्या पोराकडं बघायच्या तसं, चिडून नाही, वाट बघत. मग निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी अज्जांचा फोटो बाहेरच्या भिंतीवरून आतल्या खोलीत गेला. आई एवढंच म्हणाली, "त्या बाईला अप्पांकडं इतकं काय बघायचं हुतं?" मी विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही. तिला किती माहीत होतं, हे मला आजही माहीत नाही.

मी नवं चित्र काढलं. मिशा बारीक केल्या, नाक बदललं, भुवई सलग केली. हात तोच ठेवला, कडीवरचा. बाईंनी ते टेबलावर ठेवून बघितलं.

"ह्यो कोण?"

"कुणी नाही."

"कुणी न्हाय अशा माणसानं कडी घातली व्हय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "सावित्राआजीचं बोट कुठं ठेवू मी ह्याच्यावर?"

चित्र त्यांनी मला परत दिलं. जुनं मी आधीच घरी नेऊन कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवलं होतं. ते मागायला त्या आल्या नाहीत. माझ्या हातातून काढून घेण्यासारखं काहीच त्यांनी कधी केलं नाही.

पुस्तक आलं. माझं नाव आत होतं, 'चित्रे' या शब्दापुढं. चिंच होती, माळ होता, दार उगवतीला होतं. अकराव्या पानावर मात्र काळ्या रेघेची एक रिकामी चौकट होती आणि तिच्याखाली एकच ओळ. त्या माणसाने बाहेरून कडी घातली. छापखानेवाल्यानं म्हणे दोनदा विचारलं, चित्राचा ब्लॉक राहिला का? बाईंनी सांगितलं, राहिला न्हाय, यायचा हाय.

त्यानंतर आमच्यात भांडण झालं नाही. शिक्षकांच्या खोलीत आम्ही शेजारीच बसत होतो. फुटबॉलच्या गप्पा चालायच्या, माझ्यापुढं भडंगाचा पुडा यायचा. पण पुन्हा कधी त्यांनी मला चित्रं काढायला सांगितलं नाही. पुढची पुस्तकं चित्रांशिवाय निघाली. माझ्यासारखे दहा चित्रकार पेठेत मिळाले असते, मग त्यांनी तसं का केलं, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. दोन हजार सालाच्या आसपास त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मी त्यांचं छान पोर्ट्रेट काढून दिलं. त्यांनी ते बघितलं, "भुवया बरोबर आल्यात," म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. सगळे हसले. मीही हसलो.

निवृत्तीनंतर बाई आणखी फिरायला लागल्या. कापडी पिशवीत पुस्तकं, पायात तेच चामड्याचे जोड. आमची गाठ पडेना. आई गेली ते मी त्यांना कळवलं नाही. कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर त्या आल्या असत्या, आणि आल्या असत्या तर काय मागितलं असतं हे मला माहीत होतं. किंवा त्यांनी काहीच मागितलं नसतं, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते हातकणंगल्याला. चित्रकलेच्या परीक्षेसाठी देखरेखीला गेलो होतो. पेपर संपवून, गठ्ठे बांधून निघालो तर व्हरांड्याच्या टोकाच्या वर्गातून ओळखीचा आवाज आला. मागच्या दारातून डोकावलो. बाई खूप वाळल्या होत्या. पाठीची हाडं पातळावरून दिसत होती. आजारी आहेत हे कुणीतरी सांगितलं होतं, इतक्या आहेत हे माहीत नव्हतं. खुर्ची उलटी, तोंड फळ्याकडं. आवाज मात्र मैदानावरचाच. मधे तीस-चाळीस पोरं, आणि सगळ्यांत मागं, दारात, मी. त्यांना दिसण्याची शक्यताच नव्हती.

त्यांनी ती ओळ वाचली आणि पुस्तक डोक्यावर धरून मागं मुलांना दाखवलं. अकरावं पान. वर्गातली चुळबुळ थांबली होती.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, हितं चित्रच न्हाय."

"हाय की. चित्रकारानं काढलंय. लई चांगलं काढलंय. त्याच्या घरात हाय."

"मग देत का न्हाय त्यो?"

"भितोय."

"कुणाला?"

मला वाटलं, आता माझं नाव घेतील, आणि खोटं कशाला बोलू, घ्यावं असंही वाटलं. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांनीही त्या माझी बाजू सांभाळूनच बोलत होत्या.

"त्याच्या आईला," त्या म्हणाल्या. "म्हातारी हाय ती. तिला दुखंल म्हणून."

मुलगी खाली बसली. बाईंनी पान उलटलं. मी पावलं न वाजवता व्हरांडा उतरलो, फाटकाबाहेर आलो आणि मिळेल त्या एसटीत चढलो. आईला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.